वाचकांचे प्रश्न : फर्नेसला हवा कुठून मिळते, धूर कुठे जातो?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची निघाली. घर विकत घेताना किंवा विकताना इन्स्पेक्टर येऊन गेला, त्याच्या अहवालात फर्नेसच्या (घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीच्या) धूरनळीबद्दल किंवा हवेच्या पुरवठ्याबद्दल दोन-चार ओळी आल्या, आणि त्या ओळींचा नेमका अर्थ काय, त्या किती गांभीर्याने घ्यायच्या, हे कोणी समजावून सांगितले नाही, अशी तक्रार जवळपास प्रत्येक पत्रात आहे. म्हणून या वेळचे सगळे सदर याच विषयाला दिले आहे. उत्तरांत दिलेली मापे अमेरिकेत आणि कॅनडात प्रचलित असलेल्या गॅसविषयक नियमसंहितांमधील आहेत. मात्र आपल्या गावचा नियम किंवा फर्नेसबरोबर आलेली पुस्तिका त्याहून कडक असेल, तर तीच प्रमाण मानावी.

प्रश्न : आम्ही तीन वर्षांपूर्वी बेसमेंट राहण्याजोगे करून घेतले. फर्नेस आणि वॉटर हीटर उघडे दिसू नयेत म्हणून त्यांच्याभोवती ५ फूट बाय ७ फुटांची खोली बांधली, तिला भरीव दार लावले, आणि तिथली हवा कोंदट वाटू नये म्हणून रिटर्नच्या डक्टला (घरातली हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या पत्र्याच्या मार्गाला) त्याच खोलीत एक जाळीही बसवून घेतली. आता घर विकायला काढले आहे, तर खरेदीदाराच्या इन्स्पेक्टरने ‘ज्वलनासाठी पुरेशी हवा नाही, रिटर्नची जागा असुरक्षित’ असे लिहिले आहे. तीन हिवाळ्यांत आम्हाला काहीही त्रास झालेला नाही. भाव पाडण्यासाठी तर हे लिहिले नसेल?
— एक वाचक, शिकागोजवळील उपनगर

उत्तर : नाही. आपल्या पत्राबरोबर आलेली छायाचित्रे पाहिल्यावर मी त्या इन्स्पेक्टरच्या शब्दाशी पूर्ण सहमत आहे, आणि घराचा व्यवहार बाजूला ठेवून आधी एक काम आजच करावे अशी विनंती करतो: रिटर्नची ती जाळी पत्र्याने बंद करून कडेने धातूची टेप लावून घ्यावी, आणि कायमची दुरुस्ती होईपर्यंत त्या खोलीचे दार उघडे ठेवावे.

आता कारण सांगतो. नैसर्गिक वायू पूर्ण जळण्यासाठी १ घनफूट वायूला किमान १० घनफूट हवा लागते. आपल्या फर्नेसवरच्या पट्टीवर ताशी ८०,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) आणि वॉटर हीटरवर ४०,००० बीटीयू असे आकडे आहेत. दोन्ही एकाच वेळी चालू असताना ताशी सुमारे १२० घनफूट गॅस जळतो, म्हणजे ताशी किमान १,२०० घनफूट हवा हवी. ८ फूट उंचीच्या आपल्या त्या खोलीत एकूण हवाच २८० घनफूट आहे. दार बंद असेल तर एवढी हवा पाव तासही पुरत नाही. त्यानंतर जे काही येते ते दाराच्या फटीतून. ज्योतीला ऑक्सिजन कमी पडला की ती अर्धवट जळते, आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. चुलीचा धूर डोळ्यांना झोंबतो आणि माणूस आपसूक बाहेर पळतो. या वायूला ना रंग, ना वास, ना चव. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी शरीरात साठत जातो.

नियमाचा हिशेब असा आहे की उपकरणे घरातल्याच हवेवर चालणार असतील, तर त्यांच्या दर १,००० बीटीयूमागे ५० घनफूट मोकळी जागा त्यांना उपलब्ध असली पाहिजे. आपल्या १,२०,००० बीटीयूसाठी हा आकडा ६,००० घनफूट होतो, म्हणजे ८ फूट उंचीचे ७५० चौरस फुटांचे दालन. बेसमेंट पूर्वी उघडे होते तेव्हा ही अट आपोआप पूर्ण होत होती; भिंती उभ्या राहिल्या त्या दिवशी ती मोडली. कंत्राटदाराने सुतारकाम उत्तम केले असेल, पण फर्नेसकडे त्याने केवळ एक कुरूप वस्तू म्हणून पाहिले, आणि हा अनुभव मला इतक्या घरांत आला आहे की बेसमेंट नव्याने केलेले दिसले की मी आता सर्वांत आधी फर्नेसच्या खोलीचे दार पाहतो.

उपाय फार मोठा नाही. खोलीबाहेरच्या बेसमेंटमध्ये वरील मापाची मोकळी जागा असेल, तर खोलीला दोन झडपा, म्हणजे हवा जाण्यासाठी पट्ट्या बसवलेली भोके, कराव्या लागतील: एक छतापासून १२ इंचांच्या आत सुरू होणारी, दुसरी जमिनीपासून १२ इंचांच्या आत. प्रत्येक झडपेत दर १,००० बीटीयूला १ चौरस इंच याप्रमाणे १२० चौरस इंच निव्वळ मोकळे क्षेत्र हवे, आणि आकडा कितीही लहान आला तरी १०० चौरस इंचांच्या खाली जाता येत नाही. इथे ‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण झडपेच्या पट्ट्या स्वतःच जागा अडवतात. निर्मात्याने मोकळे क्षेत्र दिलेले नसेल, तर धातूच्या झडपेचे ७५ टक्के आणि लाकडी झडपेचे फक्त २५ टक्के क्षेत्र मोकळे धरतात. म्हणजे धातूची झडप १६० चौरस इंचांची पुरेल, तर लाकडी ४८० चौरस इंचांची लागेल. दिसायला बरी म्हणून लाकडी पट्ट्यांचे दार बसवणाऱ्यांचा हिशेब नेमका इथे चुकतो. खोलीबाहेर तेवढी मोकळी जागा नसेल, तर थेट घराबाहेरून हवा आणणारे डक्ट टाकावे लागतात, आणि त्यांचे माप तंत्रज्ञाने काढून द्यायचे असते.

रिटर्नच्या जाळीबद्दल मी आधी लिहिले, कारण ती हवेच्या कमतरतेपेक्षाही घातक आहे. फर्नेसचा पंखा मिनिटाला हजार घनफुटांच्या आसपास हवा खेचतो. त्याने त्या छोट्या खोलीतून हवा ओढली की तिथला दाब घटतो, आणि आपल्या वॉटर हीटरचा धूर, जो केवळ गरम आणि हलका असल्याच्या बळावर वर चढत असतो, धुराड्यात जाण्याऐवजी खोलीत सांडतो. तिथून तोच पंखा तो उचलून घरातल्या प्रत्येक शयनगृहात पोहोचवतो. म्हणूनच जिथे अशी उपकरणे आहेत त्याच खोलीत, ज्योतीच्या किंवा ड्राफ्ट हूडच्या (वॉटर हीटरच्या माथ्यावरच्या छत्रीसारख्या पत्र्याच्या टोपीच्या) १० फुटांच्या आत, रिटर्न घेण्यास नियमांत मनाई आहे. फिल्टरच्या खाचेवर झाकण नसणे, पंख्याच्या कप्प्याचे दार नीट न बसणे, रिटर्न डक्टचे सांधे उघडे असणे, यांचाही परिणाम हाच होतो. जाळी बंद करताना या तीन जागाही पाहून घ्याव्यात.

राहिला तीन हिवाळ्यांचा मुद्दा. दार कधी उघडे राहिले असेल, ड्रायर आणि फर्नेस एकाच वेळी चालले नसतील, वारा अनुकूल असेल. शिवाय कार्बन मोनॉक्साइडच्या सौम्य विषबाधेत डोके दुखते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते, आणि थंडीच्या दिवसांत घरातले सगळे त्याला फ्लू समजतात. घराबाहेर पडल्यावर बरे वाटते का आणि घरी आल्यावर पुन्हा त्रास होतो का, हे आठवून पाहावे.

प्रश्न : मागील वर्षी जुनी फर्नेस काढून ९५ टक्के कार्यक्षमतेची नवी बसवली. तिचा धूर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळीने भिंतीतून बाहेर जातो. वॉटर हीटर जुनाच असून तो पूर्वीसारखा विटांच्या धुराड्याला जोडलेला आहे. या वसंतात धुराड्याच्या विटांवर पांढरी पूड दिसू लागली, आणि नातेवाईक असलेल्या एका इन्स्पेक्टरने सहज पाहून ‘तुमचा वॉटर हीटर अनाथ झाला आहे’ असे सांगितले. फर्नेस बसवणाऱ्या माणसाचे म्हणणे असे की वॉटर हीटरला त्याने हातच लावलेला नाही, तेव्हा त्यात बिघाड होण्याचा प्रश्न येत नाही.
— एक वाचक, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : ‘अनाथ वॉटर हीटर’ हा या व्यवसायातला रूढ शब्द आहे आणि तो चपखलही आहे. आपल्या घरातले धुराडे दोन उपकरणांसाठी बांधलेले होते. जुनी फर्नेस भरपूर गरम धूर वर सोडत असे, त्याने विटा तापत, धुराड्याला चांगली ओढ निर्माण होई, आणि वॉटर हीटरचा थोडासा धूर त्या ओढीबरोबर बिनबोभाट निघून जाई. फर्नेस गेली, आणि एवढे मोठे थंड धुराडे एकट्या वॉटर हीटरच्या वाट्याला आले. त्याचा धूर त्यात पसरतो, निवतो, जड होतो, आणि वर पोहोचेपर्यंत त्याची ओढच संपते. थंडीच्या सकाळी तर धुराड्यातला थंड हवेचा स्तंभ उलटा खाली उतरत असतो, आणि पहिली काही मिनिटे धूर सरळ खोलीत येतो.

पांढरी पूड हे ओलाव्याचे चिन्ह आहे. १ थर्म, म्हणजे १,००,००० बीटीयू उष्णता देणारा नैसर्गिक वायू जळला की सुमारे ४ लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. धुराडे गरम असेल तर ती वाफ बाहेर जाते. थंड असेल तर आतल्या भिंतींवर पाणी धरते, ते आम्लधर्मी असते, आणि ते विटांच्या सांध्यांतला चुना व आतली मातीची नळी दोन्ही पोखरते. विटांमधील क्षार त्या पाण्याबरोबर बाहेर येऊन पृष्ठभागावर वाळतात, तीच आपल्याला दिसलेली पूड. पुढच्या टप्प्यात आतले तुकडे गळून धुराड्याच्या तळाशी साचतात आणि वॉटर हीटरच्या नळीचे तोंडच बुजवतात. बाहेरून सुंदर दिसणाऱ्या धुराड्याच्या तळातून मी बादलीभर चुरा निघालेला पाहिला आहे.

मापाचा एक साधा नियम इथे उपयोगी पडतो. एकट्या ड्राफ्ट हूडच्या उपकरणासाठी धुराड्याचे आतले क्षेत्रफळ उपकरणाच्या नळीच्या सातपटीहून अधिक असू नये. आपल्या वॉटर हीटरची नळी ४ इंच व्यासाची आहे, तिचे क्षेत्रफळ साधारण १२.५ चौरस इंच, म्हणजे धुराडे फार तर ८८ चौरस इंचांचे चालेल. आणि धुराडे घराच्या बाहेरच्या भिंतीवर असेल, एक-दोन बाजूंनी थंडी झेलत असेल, तर अटी याहून कडक होतात.

फर्नेस बसवणाऱ्याने वॉटर हीटरला हात लावला नाही, हे खरे आहे, आणि चूकही तीच आहे. सामाईक धुराड्यातून एक उपकरण काढले की उरलेल्या उपकरणासाठी धुराडे योग्य राहते का, हे तपासून पाहणे हा त्या कामाचाच भाग असतो. बहुतेक फर्नेसच्या पुस्तिकांत त्यासाठी चाचणीची कृतीही छापलेली असते. ती पुस्तिका आपल्याकडे असेल तर ते पान उघडून त्या माणसासमोर ठेवावे.

ती चाचणी घरच्या घरी प्राथमिक स्वरूपात करता येते, आणि तिच्यासाठी एक उदबत्ती पुरते. गॅसचा वास येत असेल तर मात्र ती पेटवू नये. घराची दारे-खिडक्या बंद कराव्यात, फायरप्लेसची झडप बंद करावी, कपड्यांचा ड्रायर, स्नानगृहांतले पंखे आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट सगळे पूर्ण वेगाने चालू करावे. मग गरम पाण्याचा नळ सोडून वॉटर हीटर पेटू द्यावा, आणि ५ मिनिटे थांबून वॉटर हीटरच्या माथ्यावर जो छत्रीसारखा पत्र्याचा ड्राफ्ट हूड असतो त्याच्या कडेभोवती उदबत्ती फिरवावी. धूर आत ओढला जात असेल तर त्या क्षणी तरी ओढ ठीक आहे. धूर बाहेर ढकलला जात असेल, तर वॉटर हीटर बंद करून तंत्रज्ञाला बोलवावे. एका दिवसाच्या चाचणीवर मी विसंबून राहणार नाही, कारण वारा आणि बाहेरचे तापमान बदलले की निकाल बदलतो. म्हणून वॉटर हीटरच्या माथ्यावर जुन्या खुणाही शोधाव्यात. पाण्याच्या नळ्यांभोवतीच्या प्लॅस्टिकच्या चकत्या वितळलेल्या असतील, ड्राफ्ट हूडखाली पत्र्यावर गंज चढला असेल किंवा काजळीची रेघ असेल, तर धूर अनेकदा परत आलेला आहे. स्वयंपाकघरात नवा, मिनिटाला ४०० घनफुटांहून अधिक हवा खेचणारा एक्झॉस्ट बसवला असेल तर तेही तंत्रज्ञाला आवर्जून सांगावे. एवढ्या ताकदीच्या पंख्याला बाहेरून बदली हवा मिळण्याची सोय नियमाने बंधनकारक आहे, आणि ती बहुतेक घरांत नसते.

कायमचे उपाय दोन: धुराड्यात योग्य मापाची धातूची नळी सोडून घेणे, किंवा धुराड्याचा संबंधच तोडून विजेचा, हीट पंपाचा अथवा पंख्याने धूर बाहेर टाकणारा वॉटर हीटर घेणे. आपला वॉटर हीटर बारा वर्षांचा आहे असे आपण लिहिले आहे. एवढ्या वयाच्या उपकरणासाठी धुराड्यात नळी सोडण्यापेक्षा मी दुसरा मार्ग पत्करेन.

प्रश्न : नुकतेच घर घेतले. फर्नेसच्या दोन पांढऱ्या नळ्या घराच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर येतात. इन्स्पेक्टरने ‘दोन्ही तोंडे जमिनीपासून फक्त ७ इंचांवर’ असे लिहिले होते, पण उन्हाळ्यात घर घेतल्याने आम्ही ते सोडून दिले. आता हिमवर्षाव झाला की फर्नेस रात्री बंद पडते आणि सकाळी बर्फ काढल्यावर पुन्हा चालू होते. यात केवळ गैरसोय आहे की धोकाही?
— एक वाचक, कॅलगरी

उत्तर : फर्नेस बंद पडते आहे, हे आत्ता आपले संरक्षण आहे. अशा फर्नेसमध्ये एक दाब ओळखणारा स्विच असतो. हवा आत येण्याचा किंवा धूर बाहेर जाण्याचा मार्ग तुंबला की तो ज्योत पेटू देत नाही. काही तंत्रज्ञ वारंवार बंद पडणारी फर्नेस ‘दुरुस्त’ करण्यासाठी हा स्विचच जोडतारेने वगळतात. कोणी तसे सुचवले तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

नळ्यांची तोंडे अपेक्षित बर्फाच्या पातळीपेक्षा किमान १२ इंच वर असायला हवीत, आणि अपेक्षित पातळी म्हणजे आपल्या भागात भिंतीलगत खरोखर साचणारी, वाऱ्याने ढीग होतो तो धरून. कोपर (नळीचे वळणाचे तुकडे) जोडून नळ्या भिंतीवर वर चढवणे हे सहसा अर्ध्या दिवसाचे काम आहे, मात्र लांबी आणि कोपरांची संख्या पुस्तिकेतील मर्यादेत राहते की नाही ते मोजून घ्यावे लागते. बाहेर काढलेल्या धूरनळीत पाणी गोठू नये म्हणून तिला आवरण लागेल का, हेही विचारावे.

आपल्या छायाचित्रात मला आणखी दोन गोष्टी दिसल्या. हवा घेणारी नळी आणि धूर सोडणारी नळी एकमेकींच्या समोर तोंड करून आहेत, त्यामुळे सोडलेला ओला धूर पुन्हा आत ओढला जातो, हवेच्या नळीच्या तोंडाशी बर्फ धरतो, आणि हिम न पडताही फर्नेस बंद पडू शकते. दुसरे, डावीकडे जी चौकोनी जाळी आहे ती बहुधा आपल्या घराच्या ताज्या हवेच्या यंत्राची आहे. कॅनडाच्या नियमांनुसार यंत्राने घरात हवा घेणाऱ्या तोंडापासून धूरनळी १.८ मीटर, म्हणजे ६ फूट दूर हवी, आणि आपल्या मापाच्या फर्नेससाठी उघडणाऱ्या खिडकीपासून १२ इंच. ते अंतर आजच टेपने मोजावे. तसेच नळीच्या तोंडात पक्षी जाऊ नयेत म्हणून आधीच्या मालकाने कोंबलेली बारीक जाळी काढून टाकावी. धूरनळीवर तर अशी जाळी दवबिंदू गोठून काही तासांत बंद होते. पुस्तिकेत जाळीला परवानगी असेल तर ती निर्मात्याने दिलेलीच वापरावी.

नळीचा घरातला भागही पाहावा. या प्रकारच्या फर्नेसमधून निघणाऱ्या धुरातून सतत पाणी टिपकत असते, त्यामुळे नळी दर फुटाला पाव इंच या उताराने फर्नेसकडे परत यायला हवी. मध्ये झोळ पडला की तिथे पाणी साठते आणि रस्ता अडतो. सांध्यांवर पांढरे किंवा पिवळसर ओघळ दिसले तर तो सांधा गळतो आहे, आणि जिथून पाणी येते तिथून धूरही येतो.

प्रश्न : आम्ही पसंत केलेल्या घरातील बॉयलरची धूरनळी करड्या प्लॅस्टिकची आहे. इन्स्पेक्टरने ‘परवानाधारक तंत्रज्ञाकडून पुढील तपासणी करावी’ एवढेच लिहिले. विकणारे म्हणतात, तीस वर्षे हीच नळी आहे. असे मोघम वाक्य किती गंभीर मानायचे?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : इन्स्पेक्टर डोळ्यांना दिसेल तेवढेच पाहू शकतो, यंत्र उघडणे, भिंत फोडणे त्याच्या अधिकारात नसते. म्हणून त्याचे वाक्य मोघम वाटते. प्रत्यक्षात ‘मला इथे धोका दिसतो आणि तो किती आहे हे सांगायला दुसरे साधन लागेल’ असा त्याचा अर्थ असतो. खरेदीच्या मुदतीच्या आत ती पुढील तपासणी करून घ्यावी; मुदत संपल्यावर तिला काही किंमत राहत नाही.

आपल्या बाबतीत तर मी त्याहून स्पष्ट बोलेन. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काही फर्नेस आणि बॉयलर यांना उच्च तापमान सोसणाऱ्या करड्या किंवा काळ्या प्लॅस्टिकच्या नळ्या बसवल्या जात. त्यांना तडे जातात आणि सांधे सुटतात असे आढळल्यावर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने १९९८ मध्ये त्या बदलण्याची मोहीम जाहीर केली. सुमारे अडीच लाख उपकरणे तिच्या कक्षेत होती. नळीवर ‘प्लेक्सव्हेंट’ किंवा ‘अल्ट्राव्हेंट’ असे छापलेले आहे का ते पाहावे. असेल तर तपासणीची वाट न पाहता बॉयलर बंद करण्यास सांगावे आणि नळी बदलल्याशिवाय घर ताब्यात घेऊ नये. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या त्या मोहिमेत नव्हत्या. तीस वर्षे टिकली हा नळीच्या बाजूचा पुरावा होत नाही, कारण प्रत्येक हिवाळ्यात हजारो वेळा तापून निवणारे प्लॅस्टिक वयाबरोबर ठिसूळच होत जाते.

प्रश्न : घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. मग धूरनळीची एवढी काळजी करण्याचे कारण काय?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : अलार्म हवाच, आणि आपल्या प्रांतात तो कायद्याने बंधनकारक आहे. त्या कायद्यामागचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. डिसेंबर २००८ मध्ये ओंटारिओतील वुडस्टॉक येथे आई, वडील आणि दोन मुले असे एक पूर्ण कुटुंब गेले. गॅस फायरप्लेसची धूरनळी तुंबली होती आणि घरात अलार्म नव्हता. त्यांच्या नातलगांनी पुढे जी चळवळ केली तिच्यातून २०१३ मध्ये हॉकिन्स-गिग्नॅक कायदा संमत झाला. या घटनेत दोष नळीत होता आणि अलार्मने जीव वाचला असता, हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

परंतु अलार्म कसा बनवलेला असतो ते लक्षात घ्यावे. उगाच वाजून लोकांनी तो काढून टाकू नये म्हणून त्याच्या मानकात वेळ आणि प्रमाण यांची सांगड घातलेली आहे. दहा लाख भागांत ७० भाग इतके प्रमाण असताना तो १ तास ते ४ तासांच्या दरम्यान वाजतो, १५० भागांना १० ते ५० मिनिटांत, आणि ४०० भागांना ४ ते १५ मिनिटांत. ३० भागांवर तर तो महिनाभरही वाजणार नाही, कारण त्याने वाजू नये अशीच अपेक्षा आहे. घरात गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल, तर त्या पातळीवर महिनाभर राहणे मला मान्य होणार नाही. चाचणीचे बटण दाबल्यावर येणारा आवाज फक्त भोंगा आणि वीज ठीक असल्याचे सांगतो. आतला संवेदक ठरावीक वर्षांनी निकामी होतो, आणि त्या वर्षाची नोंद अलार्मच्या पाठीवर असते. आपल्या घरातला अलार्म भिंतीवरून उतरवून ती तारीख आजच वाचावी. तो प्रत्येक मजल्यावर आणि शयनगृहांजवळ हवा. फर्नेसच्या अगदी शेजारी लावला तर ज्योत पेटतानाच्या क्षणिक धुराने तो विनाकारण वाजतो आणि मग कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवतो.

तो वाजला, आणि कोणाचे डोके दुखत असो वा नसो, तर खिडक्या उघडत किंवा कारण शोधत घरात थांबू नये. सर्वांनी बाहेर पडावे, बाहेर आल्यावर माणसे मोजावीत, झोपलेले कोणी राहिले नाही ना ते पाहावे, आणि अंगणातून किंवा शेजाऱ्याच्या घरातून ९११ ला फोन करावा. अग्निशमन दलाचे लोक मोजणीचे यंत्र घेऊन आत जातात. दारे-खिडक्या उघडून आपण आधीच हवा खेळती केली असेल तर त्यांच्या यंत्रावर शून्य दिसते, दोष सापडत नाही, आणि रात्री दारे पुन्हा बंद होतात. त्यांनी परवानगी दिल्यावरच परतावे, आणि तंत्रज्ञाने धूरनळी, हवेचा मार्ग व फर्नेसची उष्णता-अदलाबदल करणारी पेटी या तिन्ही गोष्टी तपासून लेखी दिल्याशिवाय फर्नेस पुन्हा पेटवू नये.